लढाई नको, शाळा दाखवा : ठाणे-नवी मुंबईतील गणेशोत्सव मंडळांच्या देखावा समित्यांना खुले पत्र

अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि देखावा समितीचे सर्व कार्यकर्ते यांना सप्रेम नमस्कार.

हवाई दलावरचा देखावा म्हटला की आपल्या मांडवांत एक ठरलेला साचा दिसतो. प्लायवूडचे जेट, लाल दिवे, धुराचे यंत्र, शेवटी स्फोट आणि टाळ्या. यंदा दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिक प्रशिक्षण तळाचा विषय काही बैठकांत निघाला आहे, हे ऐकून बरे वाटले. पण हा विषयही त्याच साच्यात बसवला जाईल अशी धास्ती वाटते, म्हणून हे पत्र. प्रशिक्षण तळावर बॉम्ब पडत नव्हते. तिथे पहाटेपासून तेच धडे पुन्हा पुन्हा गिरवले जात. तेव्हा लढाई दाखवू नका, शाळा दाखवा. कशी दाखवायची, ते खाली शक्य तितक्या नेमकेपणाने लिहितो आहोत.

आधी स्थळ ठरवा. देखावा ठाण्यात आहे म्हणून तळही ठाण्यातच होता असे निवेदनात घालायचा मोह होईल. तो टाळा. युद्धकाळात आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला कल्याणची प्रचंड लष्करी छावणी आली, जिचे पुढे उल्हासनगर झाले. नेवाळीची धावपट्टीही त्याच काळातली. तिचा उल्लेख जरूर करा, पण ‘युद्धकालीन धावपट्टी’ एवढाच. भारतीय वैमानिक घडवणाऱ्या शाळांच्या साखळीत तिचे नाव नाही. कोकणपट्टी अशा शाळेला सोयीचीही नव्हती. सुरुवातीच्या प्रशिक्षणाची मैदाने गवताची असत आणि विमानांना ब्रेक नसत. जून ते सप्टेंबर आपल्याकडची जमीन चिखल होते, ढग डोंगरमाथ्यावर टेकतात आणि एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊर-पारसिकचे डोंगर. नवशिक्याला इंजिन बंद पडल्यावर उतरायला चहूकडे सपाट शेते लागतात. वर्षातले तीन-चार महिने वर्ग बंद ठेवणे युद्धात परवडत नाही.

मुंबई परिसराचा खरा धागा जुहूचा आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, जे. आर. डी. टाटांना फेब्रुवारी १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळाला तो इथूनच. युद्ध पेटल्यावर हवाई दलाकडे स्वतःच्या शाळा पुरेशा नव्हत्या, तेव्हा देशातल्या अशाच फ्लाइंग क्लबांकडून प्राथमिक उड्डाण शिकवून घेतले गेले. सुरुवातीचा एक प्रसंग जुहूत ठेवलात तर तो इतिहासाला धरून होईल.

तिथून पुढची साखळी अशी. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल कायद्याने अस्तित्वात आले आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर वापिटी विमानांनिशी पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली. पहिले वैमानिक इंग्लंडात क्रॅनवेलला शिकून आलेले होते. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हवाई दलाकडे एकच स्क्वाड्रन होती. दरवर्षी मोजकी मुले इंग्लंडला पाठवण्याची पद्धत आता पुरणार नव्हती. म्हणून भारतातच टप्प्याटप्प्याची व्यवस्था उभारली गेली. लाहोरजवळ वॉल्टनला इनिशियल ट्रेनिंग विंग : कवायत, गणित, मोर्स, नकाशे, आणि उड्डाण नाही. मग हैदराबादच्या बेगमपेटला क्रमांक १ आणि जोधपूरला क्रमांक २ एलिमेंटरी फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल. इथे टायगर मॉथ, म्हणजे वर-खाली दोन पंखांचे, दोन जागांचे शिकाऊ विमान. त्यानंतर अंबाल्याची सर्व्हिस फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल. तिथे आधी हॉकर हार्ट आणि ऑडॅक्स, पुढे हार्वर्ड. शेवटी रिसालपूर-पेशावरकडच्या ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटांत हरिकेन किंवा व्हेंजन्ससारखी प्रत्यक्ष लढाऊ विमाने.

फाळणीत वॉल्टन, रिसालपूर आणि पेशावर पाकिस्तानात गेले. रिसालपूरला आज त्यांची वायुसेना अकादमी आहे. निवेदनात हे एका वाक्यात सांगा, आवाज चढवू नका. तेव्हा ती सगळी एकाच दलाची शाळा होती आणि एकाच बाकावर बसलेली मुले पुढे दोन हवाई दलांत गेली.

चार टप्पे एका मांडवात मावणार नाहीत. बेगमपेट किंवा जोधपूर, वर्ष १९४२, एवढेच घ्या. वर्ष ठरवले नाही तर रंग, खुणा, पोशाख सगळे चुकत जाते.

आता विमान. टायगर मॉथची खरी मापे : पंखांचा विस्तार ८.९४ मीटर, लांबी ७.२९ मीटर, उंची सुमारे २.६८ मीटर. पूर्ण मापाचे विमान नौपाड्याच्या गल्लीत बसणार नाही. निम्म्या मापात केले तर विस्तार ४.४७ आणि लांबी ३.६५ मीटर येते. हे बहुतेक मांडवांत बसते, पण मग माणसांचे पुतळेही निम्म्या उंचीचे करावे लागतात. नेमके इथेच बिनसते. विमान निम्मे, वैमानिक पूर्ण, आणि प्रेक्षकाला ते जत्रेतले खेळणे वाटते. आमची शिफारस अशी की नाकापासून मागच्या कॉकपिटपर्यंतचा भाग पूर्ण मापात करा, पंख दीड-दोन मीटरवर कापून मंचाच्या विंगेत घाला आणि शेपूट पडद्यावर रंगवा.

बांधणीत काही गोष्टी चुकवू नका. धड पोलादी नळ्यांचे होते, पंख लाकडाचे आणि त्यावर ताणून शिवलेले कापड. बांबू किंवा रिपांच्या फासळ्यांवर मांजरपाट ताणा आणि त्याला पातळ सरस किंवा खळ द्या. वाळताना कापड आवळते आणि फासळ्यांच्या रेघा वर उमटतात. खऱ्या विमानाला ‘डोप’ नावाचे सेल्युलोजचे रोगण देत. कोणी हौशी ते मिळवून आणेल, पण मांडवात ते आणू नका, ते क्षणात पेटते. थर्माकोल तर आता कायद्यानेच बाद आहे.

वरचा पंख खालच्या पंखाच्या पुढे सरकलेला आणि टोकांकडे मागे झुकलेला असतो. चित्रकाराची चूक वाटेल असे ते दिसते, पण त्याला कारण आहे. पुढच्या कॉकपिटमधला शिक्षक पॅराशूटसह बाहेर पडू शकला पाहिजे, म्हणून मधला भाग पुढे नेला. त्यामुळे बिघडलेला तोल सावरायला पंख मागे झुकवले. पेट्रोलची टाकी त्याच मधल्या भागात, डोक्यावर, १९ गॅलन म्हणजे सुमारे ८६ लिटरची. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. टाकीवर काचेची छोटी नळी आणि तीत तरंगणारा दांडा, हाच इंधनाचा काटा. एलरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या, फक्त खालच्या पंखांना. मागे चाक नाही, घासत जाणारा स्किड. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे स्विच कॉकपिटच्या बाहेर, धडाच्या कडेला, कारण नाकावरचा पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्याला ते दिसले पाहिजेत. वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. घरातल्या बटणाच्या सवयीने कारागीर हे हमखास उलटे बसवेल.

गिप्सी मेजर इंजिन १३० अश्वशक्तीचे, चार सिलिंडर एका रांगेत आणि उलटे टांगलेले. म्हणून नाक निमुळते आणि वरून उतरते. पंखा लाकडी, दोन पात्यांचा, जवळपास २ मीटर लांब. समोर उभे राहून पाहिले तर तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. मोटर लावताना हे एकदा तपासा. उलट फिरला तर नव्वद टक्के लोकांना कळणार नाही, पण उरलेल्यांना दुसरे काही दिसणार नाही.

शिष्य कुठे बसतो? मागे. शिक्षक पुढे. एकट्याने उड्डाण करतानाही मागच्याच जागेवरून करायचे, कारण पुढची जागा टाकीखाली, गुरुत्वमध्याजवळ आहे आणि ती रिकामी राहिली तरी तोल ढळत नाही. बाप्पाला विमानात बसवायचा आग्रह होणारच. बसवा, पण मग पुढच्या जागेत. तो विद्येचा देव आहे, शिकाऊ उमेदवार नव्हे.

दोघांमध्ये बोलायला रेडिओ नव्हता. गॉस्पोर्ट ट्यूब होती : तोंडाशी रबरी चोंगा, तिथून निघालेली नळी दुसऱ्याच्या चामडी टोपीत कानांपर्यंत. इंग्लंडातल्या गॉस्पोर्टच्या शाळेत १९१७ च्या सुमारास मेजर स्मिथ-बॅरी यांनी शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातून ही नळी आली. शिक्षकाने विमान हातात घेताना ‘आय हॅव कंट्रोल’ आणि सोपवताना ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणायचे. हा शिष्टाचार नव्हता. दोन्ही कॉकपिटांतली विमान वळवायची दांडी एकमेकांना जोडलेली असते. दोघांनाही वाटले की समोरचा चालवतो आहे, तर विमान कोणीच चालवत नसते. देखाव्यातले दोन संवाद निवडायचे असतील तर हेच निवडा.

सगळ्यात जास्त वेळ इंजिन सुरू करण्याच्या प्रसंगाला द्या. सेल्फ-स्टार्टर नव्हता. चाकांना पुढून लाकडी चॉक, म्हणजे अडणी, लावलेले, मेकॅनिक पंख्यासमोर, त्याच्या कपड्यांत लोंबते काही नाही. तो ओरडतो, ‘स्विचेस ऑफ, पेट्रोल ऑन, थ्रॉटल क्लोज्ड, सक इन.’ (थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी मूठ.) वैमानिक प्रत्येक शब्द परत म्हणतो आणि हात वर करून दाखवतो. मेकॅनिक पंखा हाताने काही पाती फिरवतो, म्हणजे मिश्रण सिलिंडरांत ओढले जाते. मग ‘थ्रॉटल सेट, कॉन्टॅक्ट.’ वैमानिक स्विच वर करतो, तेव्हाच ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतो. आता मेकॅनिक बोटांच्या पेरांनी पाते धरून खाली ओढतो आणि त्याच हालचालीत अंग मागे घेतो. अंगठा पात्याभोवती गुंडाळायचा नाही; इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा जातो.

सुरू झाले नाही तर? बहुतेक वेळा पेट्रोल जास्त झालेले असते. स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण उघडे, पंखा उलट्या दिशेने काही फेरे, म्हणजे जादा मिश्रण बाहेर जाते. आणि पुन्हा पहिल्यापासून ओरडा. देखाव्यात इंजिन पहिल्या झटक्यात सुरू करू नका. एकदा फसू द्या. प्रेक्षक थांबतील, आणि हे खरेही आहे. सुरू झाल्यावर तेलाचा दाब पाहणे, काही मिनिटे गरम होऊ देणे, दोन्ही मॅग्नेटो एकेक बंद करून तपासणे, आणि मग हात बाजूला हलवून ‘चॉक काढा’ची खूण. चॉक आधी काढले तर ब्रेक नसलेले विमान मेकॅनिकच्या अंगावर येते.

इथे एक हिशेब ध्यानात घ्या. युद्धाच्या शेवटी भारतीय हवाई दलात ९ स्क्वाड्रन आणि सुमारे २८,५०० माणसे होती. त्यांत अधिकारी १,६०० च्या आसपास. म्हणजे सतरा-अठरा माणसांमागे एक अधिकारी, आणि अधिकारीही सगळे वैमानिक नव्हते. सुरुवातीच्या काळात या माणसांचा हुद्दाच ‘हवाई सिपाही’ असा होता. इंजिनवाला तो फिटर, धड-पंखवाला तो रिगर. रोज सकाळी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या तपासणीच्या नोंदपत्रावर, त्यांच्या सह्या पडत, नंतर वैमानिकाची. त्याशिवाय विमान हलत नसे. तुमच्या मांडवात दहा पुतळे असतील तर सात खाकी चड्डीतले, तेलकट हातांचे असू द्यात आणि त्यातला एक तो फॉर्म हातात धरलेला.

मैदान दाखवताना वारा हा खरा सूत्रधार आहे. गवतावर पांढऱ्या पट्ट्यांचा मोठा इंग्रजी ‘टी’ मांडत. उभ्या दांड्याकडून आडव्या दांड्याकडे, या दिशेने उतरायचे. म्हणजे वारा आडव्या दांड्याच्या बाजूने येतो. वाऱ्याच्या मोज्याचे तोंड वाऱ्याकडे, शेपूट उलट. पेडेस्टल पंखा ज्या बाजूला लावाल त्याप्रमाणे मोजा फुगेल. ‘टी’ त्याच्याशी जुळला पाहिजे, नाहीतर तुमचा वैमानिक पाठवाऱ्याने उतरतो आहे असा अर्थ होतो. मैदानावरून खूण द्यायची ती आल्डिस नावाच्या हातातल्या खुणेच्या दिव्याने किंवा रंगीत गोळ्याच्या व्हेरी पिस्तुलाने : हिरवा म्हणजे ये, लाल म्हणजे थांब. रात्रीच्या सरावाला लांब चोचीचे रॉकेलचे डबे, ‘गूजनेक फ्लेअर’, एका ओळीत पेटवत. मांडवात डबे ठेवा, पण आत रॉकेल नको. चोचीत लुकलुकणारा पिवळा एलईडी बसवा.

उड्डाण पहाटेच दाखवा, पार्श्वभूमी फिकट नारिंगी. बेगमपेट समुद्रसपाटीपासून ५३० मीटर उंच आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला गेला की हवा विरळ होते, १३० अश्वशक्ती कमी पडते, धाव लांबते. दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि हलके विमान हेलकावे खाते. नवशिक्याला आपली चूक कोणती आणि वाऱ्याची कोणती हे कळेनासे होते. म्हणून उड्डाणे सकाळी, दुपार वर्गात.

धड्यांचा क्रमही सांगण्याजोगा आहे. नियंत्रणांचा परिणाम, जमिनीवर चालवणे, सरळ उड्डाण, चढणे, घसरत उतरणे, वळणे, स्टॉल (वेग कमी पडून पंखांचा उचल सुटणे), आणि मग स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली पडणे. पहिल्या एकट्या उड्डाणाआधीच स्पिन शिकवत. थ्रॉटल बंद, गिरकीच्या उलट बाजूचे रडर (शेपटीचे सुकाणू) पूर्ण, क्षणभर थांबून दांडी पुढे. घाबरलेला माणूस दांडी पोटाशी ओढतो आणि गिरकी सुटत नाही. ही सहजप्रवृत्ती मोडण्यासाठीच तो धडा. साधारण आठ-दहा तासांच्या उड्डाणानंतर शिक्षक पुढच्या जागेतून उतरून जाई. ज्यांना जमत नसे त्यांना नेव्हिगेटर, वायरलेस किंवा जमिनीवरच्या कामाकडे वळवत. यात कमीपणा मानू नका. पुढे हवाई दलप्रमुख झालेले पी. सी. लाल दलात आले तेच मुळी नेव्हिगेटर म्हणून.

ज्या मंडळांकडे जागा आणि पैसा दोन्ही कमी आहेत, त्यांनी विमान सोडून लिंक ट्रेनर, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारे यंत्र, करावा. आमच्या मते हाच सर्वांत चांगला विषय आहे. अमेरिकेतल्या एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास हे यंत्र बनवले. घरचा धंदा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा, म्हणून यंत्रही हवेच्या भात्यांवर चालणारे. निळी लाकडी पेटी, बाजूंना आखूड पिवळे पंख. आत विद्यार्थी, वर झाकण. बाहेरचे काही दिसत नाही, फक्त काटे दिसतात. दांडी हलवली की भाते फुगतात-मिटतात, पेटी कलते, वळते. बाजूच्या टेबलावर शिक्षक, आणि नकाशावर ‘क्रॅब’ नावाची तीन चाकांची छोटी गाडी विद्यार्थ्याचा मार्ग शाईने काढत जाते. फिरत्या पाटावर प्लायची पेटी, एक गिअर मोटर आणि टेबलावर चुंबकाने ओढलेली गाडी, एवढ्यात चलतचित्र होते. वाशी-नेरूळच्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्येही मावेल.

आता ज्या चुका ठरलेल्या आहेत त्या. १९४२ च्या मनोऱ्यावर तिरंगा लावू नका आणि विमानावर केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ रंगवू नका, ते स्वातंत्र्यानंतरचे. तेव्हा ब्रिटिश पद्धतीचे लाल-पांढरे-निळे वर्तुळ होते. पूर्वेकडच्या आघाडीवर जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून पुढे त्यातला लाल काढला गेला. प्रशिक्षणाच्या विमानांचा खालचा भाग पिवळा, लांबून ओळखू यावा म्हणून. ‘रॉयल’ हे बिरूद मार्च १९४५ मधले. १९४२ च्या पाटीवर ते नको. जेटचा आवाज तर नकोच. गिप्सी मेजरचा आवाज फटफट असा, मऊ असतो. तो लावला तर ध्वनिमर्यादेचाही प्रश्न येत नाही आणि शेजारचे आजोबाही झोपतात. पॅराशूट पाठीवर नाही, बसायच्या जागी. चालताना ते मांड्यांमागे लोंबते आणि वैमानिक किंचित बदकासारखा चालतो. परकीय सत्तेच्या दलातली ही मुले होती, हा पेच झाकू नका. त्याच १९४२ मध्ये बाहेर ‘चले जाव’ चालू होते. एक वर्तमानपत्र बॅरकच्या खाटेवर ठेवा, पुरे.

मराठी नाव हवे असेल तर मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर घ्या. १९४० मध्ये कमिशन, १९७६ ते १९७८ हवाई दलप्रमुख. ‘पहिला मराठी वैमानिक’ असले बिरूद कागदपत्राशिवाय कोणालाही लावू नका. आणि देखावा सजवायला कोलशेतच्या हवाई दल केंद्राच्या भिंतीचे किंवा फाटकाचे फोटो काढू नका. तिथे मनाई आहे.

शेवटी मांडवातली सुरक्षितता. फिरता पंखा मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांच्या वर नेऊ नका आणि पाती हलक्या पुठ्ठ्याची ठेवा. पंखा आणि प्रेक्षक यांत किमान दीड मीटर अंतर, मधे जाळी. मोटरला वेगळा एमसीबी, त्याचा स्विच निवेदकाच्या हाताशी. प्रत्येक खेळाआधी एका कार्यकर्त्याने जाळी, तारा आणि मोटरचे बोल्ट पाहून वहीत सही करावी; ती वही फॉर्म ७०० म्हणून देखाव्यातच ठेवलीत तरी हरकत नाही.

कळावे.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतील काही निवृत्त विमान तंत्रज्ञ व प्रतिकृतीकार